सोयाचे मेण की पॅराफिनचे?

गेल्या वर्षी गणपतींचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अक्का काचेचे दोन ग्लास घेऊन घरी आल्या. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. ह्यातली कुठली मेणबत्ती चांगली, सांगा बघू." त्यांच्या स्त्रीशक्ती गटाला बेळगावच्या एका दुकानदाराने दिवाळीसाठी शंभर सुगंधी मेणबत्त्या सांगितल्या होत्या. अट एकच, लेबलवर ‘शुद्ध सोया’ हवे. गटाची बचत त्यात घालायची होती, त्यामुळे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता.

मी शिकवते अर्थशास्त्र. तेव्हा आधी पुस्तके चाळली आणि मग आमच्या येळ्ळूरच्या स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला.

पॅराफिन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. आसामातील दिग्बोईचा १९०१ सालचा कारखाना या मेणासाठी आजही ओळखला जातो. सोयामेण म्हणजे सोयाबीनचे घट्ट केलेले तेल. तेलात हायड्रोजन मिसळून वनस्पती तूप करतात ना, तीच क्रिया पुढे नेली की मेण होते. निपाणी-चिकोडीकडे, बैलहोंगलकडे सोयाबीन पिकते, पण शेतकऱ्याच्या हाती येतो तो दाण्याचा भाव. मेण मात्र आपण बाहेरून विकत आणतो, तेही पॅराफिनच्या जवळपास दुप्पट दराने.

आम्ही तीन ग्लास भरले. एकात पॅराफिन, दुसऱ्यात सोया, तिसऱ्यात निम्मे-निम्मे. प्रत्येकी १०० ग्रॅम मेण, ६ ग्रॅम सुगंधी तेल, वात एकाच जातीची. मेण थेट आचेवर ठेवले नाही, पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून वितळवले. (मेण कधी पेटलेच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण घालावे.)

पॅराफिन थंड होताना आकसले आणि मधोमध खड्डा पडला. दुसऱ्यांदा ओतून तो भरावा लागला. वास मात्र दुसऱ्याच दिवशी दरवळला. सोया काचेला छान चिकटून बसले, पण चार दिवसांत वर पांढुरके डाग उमटले. ती बुरशी नव्हे, या मेणाचा स्वभावच तसा. वासही आधी मंद होता, दोन आठवडे मुरल्यावर खुलला. ते जळाले सावकाश, पण बारीक वातीमुळे कडेचे मेण तसेच राहून मध्ये विहीर पडली. सोयाला वात जाड लागते. मिश्रणाचा पृष्ठभाग सर्वांत गुळगुळीत आला आणि वास दोहोंच्या मधला.

म्हणजे कामानुसार मेण निवडावे. पावसाळ्यात वीज गेल्यावर लावायची उभी मेणबत्ती पॅराफिनचीच बरी, कारण ते ५८ ते ६० अंशांना वितळते. ग्लासात भरायचे सोयामेण ५० अंशांच्या आसपासच मऊ पडते, त्याला काचेचा आधार हवा. बिनवातीच्या सुगंधी वड्या, ज्यांना बाजारात ‘वॅक्स मेल्ट’ म्हणतात, मिश्रणाच्या केल्या तर साच्यातून सहज सुटतात आणि उन्हाळ्यातही आकार धरतात. काजळीचे म्हणाल, तर वात लांब असली आणि वारा लागला की कुठलेही मेण धूर ओकते. वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापून ठेवावी.

अक्कांना मिश्रण पसंत पडले. खर्चही आवाक्यातला. "पण मॅडम, ह्याला शुद्ध सोया कसं म्हणायचं?" त्या म्हणाल्या. दुकानदाराचे म्हणणे, कोण तपासतंय? गटाची बैठक बसली. काहीजणींना मागणी हातची जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. शेवटी ठरले, लेबलवर जे आहे तेच लिहायचे. दुकानदाराने शंभराऐवजी पन्नासच घेतल्या.

उरलेल्या पन्नास बायकांनी गल्लोगल्ली फिरून विकल्या. लेबल दोन्ही भाषांत होते. मराठीतली मेणबत्ती, कानडीतली मेणद बत्ती. "मेण दोन्हीकडं मेणच की हो," म्हणून अक्का हसल्या. यंदा गणपतीच्या आधीच त्यांनी मिश्रणाचे मेण आणून ठेवले आहे. सोबत थोडे निव्वळ सोयाचेही आणले आहे. त्याचे लेबल वेगळे असेल, आणि किंमतही.