कुंपणच शेत खाऊ लागले तर?

पावसाळा लागला की घरोघर तापाची अंथरुणे पडतात आणि औषधांच्या दुकानांत चिठ्ठीवाचून प्रतिजैविके मागणाऱ्यांची गर्दी होते. या सवयीबद्दल सामान्य माणसाला बोल लावण्यात आमचे वैद्यक क्षेत्र मागे नाही. परंतु घसा दुखताच कपाटातील नमुन्याची गोळी घ्यावी, सहकाऱ्याला जाता जाता विचारावे आणि दोन दिवसांत उतार पडला की उरलेल्या गोळ्या ठेवून द्याव्यात, ही रीत डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांच्यातही रुजली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

येथे अज्ञानाची सबब चालणार नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हा इशारा पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. विषाणुजन्य तापावर ही औषधे निरुपयोगी, हेही या मंडळींना तोंडपाठ आहे. तरीही लांबलेल्या पाळ्या, रजेची मारामार आणि 'आपल्याला कळते' हा विश्वास ज्ञानावर मात करतो.

या चुकीची किंमत मात्र दुसराच मोजतो. अशा कर्मचाऱ्याच्या शरीरात पोसलेले चिवट जंतू त्याच्याच हातांवाटे नवजात अर्भकापर्यंत किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापर्यंत पोहोचू शकतात. शिवाय वाड्यावरची माणसे नर्सबाई काय घेतात ते पाहून तेच घेतात.

१ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार तीतील औषधे विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद करून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. परंतु कपाटातील फुकट नमुना या वहीत कधीच उतरत नाही. म्हणून नमुन्याची औषधे रुग्णालयाच्या भांडारात जमा व्हावीत, आजारी कर्मचाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरने रीतसर तपासावे आणि त्याला विनातक्रार रजा मिळावी, असे आम्ही सुचवितो. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण रजा नाकारणारे व्यवस्थापनच पुष्कळदा ती गोळी हाती देत असते.

शेत राखायचे असेल तर आधी कुंपण सावरले पाहिजे. रुग्णाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार त्यानंतरचा.