पेशी बिघडल्या म्हणून थेट पिशवी काढायची, की मलमावर भागेल?

तपासणीच्या कागदावर ‘गर्भाशयमुखाच्या पेशी असामान्य’ असे आले की घरात एकच शब्द ऐकू येतो : कॅन्सर. पाठोपाठ सल्ला येतो, ‘पिशवी काढून टाका’. परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे समोर आले. कॅन्सरची भीती हे त्यामागचे एक कारण होते. गंगाखेड परिसरातूनही दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. अशा वेळी ‘ऑपरेशन नको, मलम लावा’ हा पर्याय सुटकेचा वाटतो. पण तो नीट समजून घ्यायला हवा.

असामान्य पेशी म्हणजे कॅन्सर?
नाही. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बराच काळ टिकला तर पेशी बदलू लागतात. बायोप्सीत या बदलांच्या तीन पायऱ्या सांगतात. सौम्य बदल बहुधा आपोआप जातात. मध्यम बदलही सुमारे निम्म्या महिलांत दोन वर्षांत मागे फिरतात. तीव्र बदलांवर मात्र उपचार लागतातच. कॅन्सर व्हायला साधारणपणे अनेक वर्षे जातात, म्हणजे विचार करायला वेळ असतो.

मलमे कोणती?
इमिक्विमोड हे चामखिळीसाठी, तर ५-फ्लुरोयुरॅसिल हे त्वचेच्या काही आजारांसाठी मान्य झालेले मलम आहे. गर्भाशयमुखासाठी ती वापरणे म्हणजे मान्यतेबाहेरचा, ‘ऑफ-लेबल’ वापर. तो आपोआप चुकीचा ठरत नाही. लेट्रोझोल हे स्तनाच्या कॅन्सरचे औषध वंध्यत्वासाठी दिले जाई. केंद्राने २०११ मध्ये त्या वापरावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये उठवली. प्रश्न पुराव्याचा असतो.

पुरावा काय सांगतो?
व्हिएन्नात ५९ महिलांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इमिक्विमोड वापरणाऱ्या ७३ टक्के जणींचा आजार मागे गेला. औषध नसलेली मात्रा वापरणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मात्र पुढे बिघडलेला भाग तारेच्या लूपने काढण्याच्या उपचाराशी थेट तुलना झाली, तेव्हा मलम मागे पडले. शिवाय जळजळ, ताप, अंगदुखी असे त्रास होतात. ५-फ्लुरोयुरॅसिलने जखमा होऊ शकतात आणि गर्भाला इजा होऊ शकते, म्हणून त्या काळात गर्भधारणा टाळावी लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. व्हिएन्नातला कोर्स १६ आठवड्यांचा होता. मधे-मधे आणि नंतरही तपासणी लागते. फडावर गेलेली बाई त्यासाठी गावी कशी येणार? वरवर सोपे दिसणारे मलम गरीब महिलेकडूनच सर्वाधिक फेऱ्या मागते. याउलट, योग्य रुग्ण निवडला तर उष्णता देऊन बिघडलेल्या पेशी नष्ट करण्याचा उपचार काही मिनिटांत, एकाच भेटीत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने तो मान्य केला आहे. त्यानंतरही तपासणी लागते, पण हंगामानंतर आली तरी चालते.

मग परभणीत काय हवे?
धडा मराठवाड्यातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर महिलांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि त्यानंतरच्या उपचाराने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणी, बायोप्सी आणि लूपचा उपचार तिथे नियमित मिळावा आणि टोळ्या निघण्याआधी, दिवाळीपूर्वी, तालुक्यात शिबिरे व्हावीत. ही सोय नाही म्हणून मलम लिहून देणे हा उपचार नव्हे, ती पळवाट आहे.

तोवर महिलांनी चार प्रश्न विचारावेत : बायोप्सी झाली का? बदल कोणत्या पायरीचा? हे औषध या आजारासाठी मान्य आहे का? दुसरा पर्याय कोणता? उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तो खटलाही संमतीविना गर्भाशय काढल्याचाच होता. मेडिकलमधून स्वतःहून मलम आणू नका, आणि बायोप्सी न करता पिशवी काढायलाही होकार देऊ नका.