इस्त्री कुणाच्या हिशेबात?

आमच्या वस्तीत दर संक्रांतीला कुणीतरी पुढारी हळदीकुंकवात शिलाई मशीन वाटतो. समाजकार्याची पदवी घेतलेली मीसुद्धा शिवणवर्ग म्हणजे मशीन एवढंच समजत होते. इस्त्री कुठे होते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ती जमिनीवर होत होती. चादरीच्या घडीवर, उकिडवं बसून. एकदा एकीच्या लहान मुलीनं तापलेल्या इस्त्रीला हात लावला. तळहात भाजला. आई म्हणाली, "ताई, चूक माझीच." एका खोलीत स्वयंपाक, मूल आणि ठेकेदाराचा माल; यात तिची चूक कोणती?

मग आम्ही वर्गाच्या खोलीत मेज केलं. जुन्या दाराची फळी, खाली भक्कम पाय. प्रत्येकीला उभं करून कोपराच्या चार बोटं खाली अशी उंची काढली आणि मधली धरली. वर घोंगडीचे दोन पदर, त्यावर मांजरपाट ताणून खालून खिळे. फोम, रेक्झिन नाही, ते वितळतं. बाहीसाठी वीतभर रुंदीची वेगळी फळी. अर्थिंगचा प्लग भिंतीला, वायर पायात न येणारी.

पाठ दुखायची थांबली. पण उभं राहिल्यावर बायका हिशेब करू लागल्या. ७५० वॅटची इस्त्री सतत तापत राहिली तर एक तास वीस मिनिटांत एक युनिट वीज जाते. कॉलरला बकरम चिकटवायचं, शिवण दाबायची, घडी घालायची, हा वेळ नगाच्या दरात कुठे आहे? आम्ही ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "इस्त्री काय, बायका घरी करतातच की!"

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. घरी फुकट करतो म्हणून मजुरीतही फुकट! १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. सोबतच्या १८४ क्रमांकाच्या शिफारशीत वीज-पाण्याचा खर्च भरून द्यावा असं म्हटलं आहे. भारतानं तो करार अजून स्वीकारलेला नाही.

मेज दोन दिवसांत झालं. दर वाढलेला नाही. आता प्रत्येकजण वहीत इस्त्रीची मिनिटं लिहिते. पुढच्या वेळी ठेकेदारासमोर वह्या घेऊन सगळ्याजणी जाणार आहोत. तुमच्या गटातही आधी मेज करा, आणि मग वही.