विश्लेषण : नावाआधी भाव! गुहेतला ‘रबर डकी’ पाळीव कसा झाला?

कुंडी उचलली की खालच्या ओल्या मातीत राखाडी कवचाचे इवलेसे जीव पळताना दिसतात. बोट लागताच त्यातले काही अंगाची गोळी करून पडून राहतात. इंग्रजीत ‘वुडलाउस’ किंवा ‘आयसोपॉड’ म्हणून ओळखले जाणारे हे जीव आता अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये हौसेने पाळले जातात. त्यातही सर्वाधिक चर्चा आहे ती थायलंडच्या ‘रबर डकी’ची. मात्र त्याच्या प्रसिद्धीमागे वर्गीकरणाचा मोठा घोळ आहे आणि त्याची किंमत गुहांमधल्या जीवांना मोजावी लागू शकते.

हे नेमके किडे आहेत का?

नाही. कीटकांना पायांच्या तीन जोड्या असतात, यांना सात. खेकडा आणि कोळंबी यांच्याप्रमाणे हे कवचधारी गटातले प्राणी आहेत. जमिनीवर राहायला आले तरी पाण्याशी असलेले नाते त्यांना पूर्ण तोडता आलेले नाही. पोटाखालच्या पानासारख्या अवयवांनी ते श्वास घेतात आणि त्यासाठी ओलावा लागतो. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. जगभरात अशा जमिनीवरच्या ३,७०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे.

सह्याद्रीत पावसाळ्यात मोठ्या गोटीएवढी गोळी होणारा जीव दिसतो, तो मात्र वेगळा. तो आपल्याकडे पैसा किंवा वाणी म्हणतात त्या सहस्रपादांचा नातलग. दोघांचे पूर्वज वेगळे, बचावाची युक्ती मात्र सारखी.

‘क्युबारिस’ म्हणजे काय?

ही वुडलाउसची एक प्रजात नव्हे, तर अनेक प्रजातींचे एक कुळ, म्हणजेच ‘जीनस’. योहान फ्रिडरिश फॉन ब्रांट या निसर्गशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये हे नाव दिले. ‘क्युबारिस म्युरिना’ ही त्यातली नमुना प्रजात आज उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत आढळते.

पुढे गोळी होणाऱ्या कितीतरी प्रजाती याच नावाखाली टाकल्या गेल्या. कुठे बसवायचे हे ठरेना, की ‘क्युबारिस’मध्ये ढकला, असा प्रकार झाला. त्यातल्या अनेक प्रजाती नंतर इतर कुळांत हलवाव्या लागल्या. रंगावरून ओळख पटत नाही, ही खरी अडचण आहे. नराच्या पोटाखालच्या अवयवांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. हे काम करणारे तज्ज्ञ जगभरात मोजकेच आहेत.

‘रबर डकी’ला एवढी मागणी का?

२०१७ च्या सुमारास थायलंडच्या चुनखडीच्या गुहांमधून हा जीव हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारात आला. पिवळसर तोंड आंघोळीच्या टबातल्या रबरी बदकासारखे दिसते, म्हणून हे नाव. त्याच्या फोटोंना समाजमाध्यमांवर पाय फुटले. हा जीव लाजाळू, मातीत दडून राहणारा आणि पिल्ले कमी, तीही सावकाश देणारा. साहजिकच पुरवठा तोकडा पडला आणि सुरुवातीला एकेका नगासाठी दोन आकडी डॉलर मोजले गेले.

पाळायला मात्र तो सोपा. झाकणाचा डबा, ओलसर माती, सुकी पाने आणि कवचासाठी थोडी चुनखडी एवढे पुरते. बेडूक, सरडे पाळणारे तर आयसोपॉड सफाई कामगार म्हणून ठेवतात. विष्ठा आणि कुजलेली पाने खाऊन ते काचपेटी स्वच्छ ठेवतात.

मग अडचण कुठे आहे?

‘रबर डकी’ हे शास्त्रीय नाव नाही, ते बाजाराने दिलेले लेबल आहे. असे जीव वर्षानुवर्षे ‘क्युबारिस एसपी.’ म्हणून विकले जातात. याचा साधा अर्थ, ‘कुळ बहुधा हे, प्रजात ठरलेली नाही’. तपासणीनंतर काहींचे कुळही वेगळे निघते.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. एका डोंगरातल्या गुहेतली प्रजात शेजारच्या डोंगरात नसेलही. मोजक्या जागी राहणारा, हळू वाढणारा जीव पोत्याने गोळा केला, तर तो संपायला वेळ लागत नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत जमिनीवरचा एकही वुडलाउस नाही. यादीत घालायचे तरी प्रजातीला आधी नाव हवे. नाव देण्यासाठी नमुना कुठे सापडला याची नोंद हवी आणि बाजारातल्या बहुतेक नगांसोबत नेमकी तीच नसते.

हौस करायची तर कशी?

पाळणारे लोक इथे शत्रू नाहीत. घरच्या डब्यात वाढवलेले जीव सहज मिळू लागले, तर गुहेत जाऊन ते ओरबाडण्याचे कारण उरत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न भावाचा नको. जीव डब्यात जन्मलेला आहे की रानातून आणलेला, मूळ ठिकाण कोणते, हे आधी विचारायला हवे. उत्तर मिळत नसेल तर खरेदी टाळणेच बरे.

कंटाळा आला म्हणून परदेशी आयसोपॉड बागेत सोडणेही धोक्याचे. भूमध्य सागराभोवतालचा ‘आर्माडिलिडियम व्हल्गेअर’ माणसाच्या मालासोबत उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि तिथलाच होऊन बसला.

संशोधनाला निधी मिळतो तो वाघ-हत्तींसाठी. पाने कुजवून मातीला परत देणाऱ्या या छोट्या जीवांची साधी नोंद करायलाही माणसे आणि पैसा कमी पडतो. बाजाराने भाव ठरवायला वेळ लावला नाही. नाव ठरवण्याचे काम तितक्याच तातडीने झाले, तरच या गुहांमध्ये वाचवण्यासारखे काही उरेल.