कान मिटता येत नाहीत

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या आमच्या घरात रात्र उरत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, चहूकडे साखर कारखाने. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून पहाटेपर्यंत जात असतात. लग्नसराईत त्यावर डीजेची भर. कुणाला काही म्हणावं तर ठरलेलं उत्तर : "वहिनी, होते सवय."

मनाला होत असेल, शरीराला होत नाही. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आपण झोपेत असलो तरी मोठ्या आवाजानं नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. सकाळी आठवत काहीच नाही. डोकं मात्र जड, साध्या कामात चुका. वर्षानुवर्षं असं चाललं तर हृदयविकाराचा धोका वाढतो.

मुलांचं नुकसान वेगळंच. न्यूयॉर्कच्या एका शाळेला लागून रेल्वे जात असे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की रुळांकडच्या वर्गातली सहावीची मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. माझी दहावीतली पुतणी एकच पान तीनदा वाचते. घरचे म्हणतात, "पोरीचं लक्षच नाही अभ्यासात!"

यात बायकांचा प्रश्न कुठला, असं आपल्याच बैठकीत मला विचारलं गेलं. तान्ह्या बाळापाशी, आजारी सासूपाशी रात्र जागतं कोण? आणि पहाटे पुन्हा कामाला लागतं कोण? तिची झोप कुणाच्या हिशेबातच नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. १९९८च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत बातमी आली होती. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तिच्या किंकाळ्या शेजारच्या लाऊडस्पीकरमुळे कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिनं जाळून घेतलं. आवाजाविरुद्धची याचिका त्यातून उभी राहिली आणि १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. आता सांगा, हा प्रश्न कुणाचा?

कायदा आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. एरवी रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला सरकार सवलत देऊ शकतं, तीही मध्यरात्रीपर्यंतच.

गाणी नकोत असं आपण म्हणत नाही. दहाला थांबवा, एवढंच. पण एकटी बोलली की ती भांडकुदळ ठरते. म्हणून, मैत्रिणींनो, येत्या महिला ग्रामसभेत हा ठराव आपण सगळ्या मिळून मांडूया.