पाच सेकंदांचा हिशेब

४ डिसेंबर आला की नौदल दिन येतो आणि मला १९७१ आठवतं. त्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तेव्हा मी कॉलेजात होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, आणि सगळं घर रेडिओला कान लावून बसलेलं. विजयाच्या आनंदात एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, ती मी पुष्कळ वर्षांनी वाचली. पाकिस्तानच्या 'खैबर' विनाशिकेवरच्या लोकांना अंधारातून एक तेजस्वी दिवा आपल्याकडे येताना दिसला. त्यांना ते विमान वाटलं. त्यांनी विमानविरोधी तोफा सुरू केल्या. पण ते विमान नव्हतंच, क्षेपणास्त्र होतं. 'खैबर' बुडाली.

त्याआधी १९६७ च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या छोट्या नौकांनी अशाच रशियन 'स्टिक्स' क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' बुडवली होती, ४७ माणसं गेली. जगभरच्या नौदलांची झोप उडाली ती तेव्हा. माणसाने डोळ्यांनी बघायचं, ओरडून सांगायचं, दुसऱ्याने तोफ फिरवायची, या सगळ्याला आता वेळच उरला नव्हता. त्यातून स्वयंचलित तोफा निघाल्या. अमेरिकेची 'फॅलँक्स' १९८० पासून जहाजांवर बसू लागली. पांढरा घुमट आणि त्याखाली सहा नळ्यांची २० मिलिमीटरची तोफ. रशियाची एके-६३० ही ३० मिलिमीटरची, ती आपल्या 'विक्रांत'वर आहे आणि माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवरही.

कुणी म्हणेल, बाईंना तोफांशी काय देणंघेणं? सांगते. पण आधी थोडं गणित (सवय जात नाही!).

पाण्याला चिकटून येणारं साधं क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ३०० मीटर जातं. पृथ्वी गोल असल्यामुळे ते जहाजाच्या रडारला दिसतं तेव्हा पंचवीस-तीस किलोमीटरवर असतं. म्हणजे हातात दीड मिनिट. फॅलँक्सचा खरा उपयोगी पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाच सेकंद. आपल्या ब्राह्मोससारखं आवाजाच्या अडीच-तीन पट वेगाचं क्षेपणास्त्र असेल तर दोन सेकंदसुद्धा नाहीत. नव्या फॅलँक्समधून मिनिटाला ४५०० गोळ्या सुटतात, सेकंदाला पंचाहत्तर. पोटात गोळ्या १५५०. वीस सेकंदांत पोट रिकामं.

या तोफेचं रडार येणाऱ्या क्षेपणास्त्राकडे तर बघतंच, शिवाय स्वतःच्या सुटलेल्या गोळ्यांकडेही बघतं. गोळ्या डावीकडून जाताहेत का, खालून जाताहेत का, ते पाहून नेम आपणच सुधारत राहतं. शोधणं, ठरवणं, मारणं आणि मेलं की नाही ते बघणं, सगळं एकाच डब्यात. एक गोष्ट मात्र तिला कळत नाही. आपला कोण आणि परका कोण. तिला एवढंच समजतं की काहीतरी येतंय, इतक्या वेगाने येतंय आणि माझ्यावर आदळू शकतं.

त्याचे परिणाम व्हायचे ते झालेच. १० ऑक्टोबर १९८९ ला सरावात 'एल पासो' या अमेरिकन जहाजाच्या फॅलँक्सने लक्ष्य म्हणून सोडलेलं बिनमाणसाचं विमान पाडलं. ते तुकडे होऊन समुद्रात पडत असताना तोफ पुन्हा त्याच्यामागे लागली, आणि तिच्या रेषेत आलेल्या 'इवो जिमा' या जहाजावर गोळ्या गेल्या. एक अधिकारी ठार झाला. १९९१ च्या फेब्रुवारीत आखाती युद्धात 'मिसूरी' या युद्धनौकेने शत्रूच्या क्षेपणास्त्राला फसवायला चाफ उडवला (हा धातूचा मुलामा दिलेल्या बारीक धाग्यांचा ढग असतो). शेजारच्या 'जॅरेट'ची तोफ ऑटोमॅटिकवर होती, ती त्या ढगावरच सुटली. चार गोळ्या 'मिसूरी'ला लागल्या. कुणी मेलं नाही, नशीब. जून १९९६ मध्ये हवाईच्या पश्चिमेला 'युगिरी' या जपानी विनाशिकेने लक्ष्य ओढत नेणारं अमेरिकन विमानच पाडलं. दोघे वैमानिक उडी मारून बाहेर पडले आणि जपान्यांनीच त्यांना पाण्यातून वर काढलं.

आता तुम्ही कप्तान आहात असं समजा. अशी तोफ रोज चालू ठेवाल? आजूबाजूला मित्रांची विमानं, आपलीच हेलिकॉप्टरं. अर्थातच बंद ठेवाल आणि गरज पडेल तेव्हा चालू करू म्हणाल. आणि इथेच सगळी गोम आहे. गरज पडली हे कळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ती पाच सेकंदं निघून जातात.

१७ मे १९८७. इराण-इराक युद्ध चालू होतं, आणि इराणच्या आखातात 'स्टार्क' ही अमेरिकन फ्रिगेट गस्त घालत होती. इराकचं एक मिराज विमान तिच्या दिशेने आलं. इराक म्हणजे त्या वेळी काही अमेरिकेचा शत्रू नव्हे. जहाजावरून रेडिओवर दोनदा हटकलं. विमानाने तोवर दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली होती. 'स्टार्क'वर फॅलँक्स होती, पण स्टँडबायवर. शिवाय ती मागच्या बाजूला, हँगरवर बसवलेली, आणि क्षेपणास्त्रं पुढच्या अंगाने आली. एकही गोळी सुटली नाही. ३७ खलाशी गेले. २००६ च्या जुलैत बैरुतच्या किनाऱ्याजवळ इस्रायलच्या 'हनित'ची हीच कथा. सगळी यंत्रणा जहाजावर होती, चालू नव्हती. कारण हिजबुल्लाकडे असलं क्षेपणास्त्र असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. चार खलाशी मेले.

यंत्राने ठरवावं की माणसाने, असा वाद हल्ली फार ऐकू येतो. माझ्या मते या तोफेपुरता तरी तो प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. त्या पाच सेकंदांत माणूस काहीच ठरवू शकत नाही, त्यामुळे तेव्हा यंत्रच ठरवणार. माणूस ठरवतो ते त्याच्या कितीतरी आधी, कधी काही तास आधी, तोफ ऑटोमॅटिकवर टाकायची की नाही हे ठरवताना. गोळी तिथेच सुटते किंवा सुटत नाही. पुढचं सगळं नुसतं टपाल पोचण्यासारखं.

आणि "शेवटचं बटण माणसाच्या हातात असू द्या म्हणजे झालं" असं म्हणणाऱ्यांना मी 'व्हिन्सेन्स'ची आठवण करून देईन. 'स्टार्क'नंतर जेमतेम चौदा महिन्यांनी, ३ जुलै १९८८ ला, त्याच आखातात या अमेरिकन क्रूझरने इराणचं प्रवासी विमान पाडलं. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं. २९० माणसं, त्यात ६६ मुलं. इथे छोटी तोफ नव्हती, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं होती, आणि हातात सेकंदं नव्हे तर विमान उडाल्यापासून सात मिनिटं होती. जहाजाच्या संगणकात विमान वर चढताना दिसत होतं, ते नागरी विमान असल्याचा संकेतही नोंदला गेला होता. माणसांनी मात्र ते लढाऊ विमान आहे आणि खाली आपल्यावर येतंय असं वाचलं. यंत्र बरोबर होतं. बटण माणसानेच दाबलं.

माझा कयास असा की 'व्हिन्सेन्स'च्या त्या खोलीत 'स्टार्क'चे ३७ जण बसलेले होते. सिद्ध करता येणार नाही. पण पुढे काय झालं ते बघा. 'स्टार्क'च्या कप्तानाला पदावरून काढलं, ठपका ठेवला, त्याला लवकर निवृत्त व्हावं लागलं. 'व्हिन्सेन्स'च्या कप्तानाला १९९० मध्ये पदक मिळालं. विमान पाडल्याबद्दल नव्हे हं, जहाजावरच्या एकूण कामगिरीबद्दल. मानपत्रात विमानाचा उल्लेखही नाही. पण वर्गात एका मुलाला गप्प बसल्याबद्दल उभं केलं आणि दुसऱ्याने चुकीचं उत्तर ठोकून दिलं तरी त्याला वर्षाअखेरी बक्षीस दिलं, तर बाकीची चाळीस मुलं काय शिकतील हे सांगायला बी.एड. लागत नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना अमेरिकेने १९९६ मध्ये ६ कोटी १८ लाख डॉलर दिले, कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता.

म्हणून मी या तोफांच्या विरुद्ध नाही. जानेवारी २०२४ च्या अखेरीला लाल समुद्रात हूथींचं क्षेपणास्त्र बाकीच्या सगळ्या फळ्या ओलांडून 'ग्रेव्हली' या अमेरिकन विनाशिकेच्या सुमारे एक मैल जवळ आलं होतं. फॅलँक्सने ते पाडलं. कुणीतरी ती आधीच योग्य वेळी तयार ठेवली होती. त्या जहाजावरची शेकडो पोरं घरी गेली, मला त्याचं मोल आहे. समोरून येणारी वस्तू लोखंडाची आहे, तिच्यात माणूस बसलेला नाही, आणि जहाजाभोवती उघडा समुद्र आहे, तोवर यंत्राला ही मुभा द्यावी. अमेरिकेच्या २०१२ च्या धोरणातही अशा बचावाच्या यंत्रणांना वेगळी मोकळीक ठेवलेली आहे, आणि ती मला पटते.

पटत नाही ती पुढची पायरी. हीच फॅलँक्स ट्रेलरवर चढून २००५ पासून इराकमध्ये जमिनीवर आली, तळांवर पडणारे तोफगोळे हवेत फोडायला. खाली वस्ती, म्हणून तिथे हवेतच आपोआप फुटणाऱ्या गोळ्या वापराव्या लागल्या. इथपर्यंतही ठीक. पण "समुद्रावर चालतं, मग जमिनीवर माणसं ओळखून मारायला का नको?" असं म्हणणारे आता आहेत. आपला-परका न कळणारं यंत्र समुद्रात खपून जातं, कारण तिथे गर्दी नसते. बाजारात भाजी घेणारा आणि बंदूक लपवलेला, दोघेही तुमच्याच दिशेने चालत येतात. जिनिव्हात २०१४ पासून या शस्त्रांवर चर्चा चालू आहे आणि 'अर्थपूर्ण मानवी नियंत्रण' असा शब्दप्रयोग तिथे फिरतो. शब्द चांगला आहे, पण 'अर्थपूर्ण' म्हणजे किती, ते कुणी लिहून देत नाही.

मला विचाराल तर मी शाळेतलं मस्टर मागेन. कुठलंही असलं यंत्र ऑटोमॅटिकवर टाकलं की कुणी टाकलं, किती वाजता, का, आणि तेव्हा आजूबाजूला कोण होतं, याखाली सही. बंद ठेवलं तरी सही. आणि माणसं मेली तर ते पान उघड करायचं, मेलेले आपले असोत की इराणचे. उशीर झाला म्हणून जी चौकशी होते तीच घाई झाली म्हणूनही, तेवढीच कडक. 'स्टार्क'च्या कप्तानाला जो कागद मिळाला, तसाच 'व्हिन्सेन्स'च्या कप्तानाला मिळायला हवा होता.