सफरचंदही सोसेना, तेव्हा...

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराच्या दृष्टीने बिघडलेले पोट ही दुखण्याइतकीच प्रवासाचीही अडचण असते. सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळणेच मुश्कील. तिथे मुंब्रा ते घाटकोपरच्या दरम्यान पोटात कळ आली तर उतरायचे कुठे, आणि उतरल्यावर जायचे कुठे? म्हणून कितीतरी जण नाश्ता टाळून घर सोडतात, बॅगेत अ‍ॅसिडिटीची गोळी ठेवतात आणि ‘आमचे पोटच नाजूक’ असे म्हणत वर्षे काढतात. यांपैकी काहींचा त्रास आम्लपित्ताचा नसतोच. तो फळात, मधात आणि डबाबंद खाण्यात असलेल्या एका साखरेचा असतो. तिचे नाव फ्रुक्टोज.

फ्रुक्टोज न सोसण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. नावे सारखी वाटत असल्यामुळे त्यांची नेहमी गल्लत होते आणि ही गल्लत एखाद्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. एक प्रकार तुलनेने बराच आढळतो, त्रासदायक असतो, पण धोकादायक नसतो. दुसरा दुर्मिळ, जन्मजात आणि वेळीच ओळखला नाही तर यकृत निकामी करणारा.

आधी नेहमीचा प्रकार पाहू. लहान आतड्याच्या अस्तरात फ्रुक्टोज आत घेणारी ‘ग्लुट-५’ नावाची वाहक प्रथिने असतात. त्यांची क्षमता प्रत्येकात वेगळी असते आणि ती कोणातच अमर्याद नसते. जेवढे फ्रुक्टोज आत घेतले जात नाही, तेवढे पुढे मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या बाबतीत मिथेन तयार होतो. न शोषलेली साखर आतड्यात पाणीही ओढून घेते. मग पोट फुगणे, गुरगुरणे, कळा येणे, पातळ शौचाला होणे ही लक्षणे दिसतात. वैद्यकीय भाषेत याला फ्रुक्टोजचे अपुरे शोषण म्हणतात.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सोबत तेवढेच ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज बरेच सहज शोषले जाते. साध्या साखरेच्या रेणूत दोन्ही निम्मे निम्मे असतात, म्हणून चहातली चमचाभर साखर अशा व्यक्तीला बहुधा त्रास देत नाही. पण मध्यम आकाराच्या सफरचंदात साधारण १० ग्रॅम फ्रुक्टोज असते आणि ग्लुकोज त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय त्यात सॉर्बिटॉल ही आणखी एक जड जाणारी शर्करा असते. नासपतीचेही तसेच. कलिंगड आणि आंब्यातही फ्रुक्टोजचे पारडे जड असते. मधाच्या एका मोठ्या चमच्यात ८ ग्रॅमच्या आसपास फ्रुक्टोज असते. त्यामुळे उपवनला किंवा तलावपाळीला फेऱ्या मारून घरी आल्यावर कोमट पाण्यात मध घ्यायचा, वर एक सफरचंद खायचे, आणि मग ‘इतके पथ्याचे खाऊनही पोट साफ बिघडते’ म्हणून हैराण व्हायचे, असे घडू शकते. आरोग्यदायी म्हणून घेतलेला पदार्थच त्रासाचे मूळ असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

निदानासाठी श्वासातील हायड्रोजनची चाचणी असते. रात्रभर उपाशी राहून सकाळी साधारण २५ ग्रॅम फ्रुक्टोज पाण्यातून घ्यायचे आणि पुढचे सुमारे तीन तास ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने द्यायचे. हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दहा लाखांत २० भाग किंवा त्याहून अधिक वाढला तर शोषण अपुरे आहे असे मानतात. मात्र काही तक्रार नसलेल्या माणसांतही ही चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. म्हणून चाचणीच्या वेळी त्रास झाला का, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. ही चाचणी सर्वत्र होत नाही. पण तिच्याविनाही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पदार्थ काही काळ बंद करून पुन्हा सुरू करणे, हा मार्ग उपलब्ध आहेच.

तो मार्ग असा. आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवायची: काय खाल्ले, किती, कधी आणि त्रास किती वेळाने झाला. नंतर दोन ते सहा आठवडे जास्त फ्रुक्टोजचे पदार्थ थांबवायचे. आराम पडला, तर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणून आपली मर्यादा शोधायची. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ पासून मांडलेल्या ‘लो फॉडमॅप’ आहाराची रचना हीच आहे. यातला तिसरा टप्पा बहुतेक जण विसरतात. पहिल्या दोन टप्प्यांत बरे वाटले की फळे कायमची बंद करतात. ही चूक आहे. मोसंबी, संत्रे, पपई, अननस, फार न पिकलेले केळे ही फळे बेताने घेतली तर बहुतेकांना सोसतात. आंब्याच्या दोन फोडी जेवणानंतर चालतात आणि रिकाम्या पोटी वाटीभर आमरस चालत नाही, एवढाच फरक असू शकतो. प्रश्न बहुधा प्रमाणाचा आणि वेळेचा असतो.

कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टान हे फ्रुक्टोजचेच साखळदंड. ते कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत, पण संवेदनशील पोटाला जास्त जाणवतात. त्यामुळे एखाद्याला झणझणीत मिसळ बाधते तेव्हा दोष तिखटाचाच असेल असे नाही. कटातला कांदा-लसूणही जबाबदार असू शकतो. अशा वेळी आपल्याच भागातले आगरी-कोळी जेवण कामाला येते. तांदळाची भाकरी आणि मासळी यात फ्रुक्टान जवळजवळ नसते, फक्त वाटणात लसूण बेताने हवा. ज्वारीची भाकरीही चांगली. पोळीभाजी केंद्रातून डबा घेणाऱ्यांनी पोळीऐवजी भाकरी मागून पाहायला हरकत नाही.

आता औषधांविषयी. अपुऱ्या शोषणाच्या त्रासात औषध दुय्यम आहे. ‘झायलोज आयसोमरेज’ नावाचे एन्झाइम आतड्यात फ्रुक्टोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तुलनात्मक चाचणीत त्याने मळमळ आणि पोटदुखी कमी झाल्याचे दिसले. युरोपात ते कॅप्सूलमध्ये मिळते. लग्नाच्या पंगतीसारख्या प्रसंगी त्याचा उपयोग होऊ शकेल, पण रोजच्या आहाराला तो पर्याय नाही. कळांसाठी मेबेव्हरिन, जुलाबासाठी लोपेरामाइड ही औषधे लक्षणे आवरतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप असेल, रक्त कमी झाले असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागत असेल किंवा पन्नाशीनंतर प्रथमच त्रास सुरू झाला असेल, तर फ्रुक्टोजचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. आतड्याचा क्षयरोग, सिलिअ‍ॅक आजार आणि कर्करोग हेही अशाच तक्रारींमागे लपलेले असू शकतात.

दुसऱ्या, जन्मजात प्रकारात दोष आतड्यात नसून यकृतात असतो. ब्रिटनमधील चेंबर्स आणि प्रॅट या डॉक्टरांनी १९५६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. फ्रुक्टोज पुढे मोडण्यासाठी लागणारे ‘अल्डोलेज बी’ हे एन्झाइम या व्यक्तींमध्ये जवळजवळ नसते. अर्धवट मोडलेले फ्रुक्टोज यकृतात साठते, पेशीतला फॉस्फेट अडकून पडतो, ऊर्जा संपते आणि यकृताला रक्तात ग्लुकोज सोडता येत नाही. परिणामी उलट्या, घाम, सुस्ती, झटके, कावीळ, आणि हे चालूच राहिले तर यकृत व मूत्रपिंड निकामी. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. युरोपात तो साधारण २० ते ३० हजारांत एकाला असल्याचा अंदाज आहे. भारतातही असे रुग्ण नोंदले गेले असून, एका समाजात एकच जनुकीय बदल वारंवार आढळल्याचे दिल्लीतील डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवले आहे.

हे बाळ आईच्या दुधावर असेपर्यंत ठणठणीत असते, कारण त्या दुधात फ्रुक्टोज नसते. त्रास सुरू होतो तो वरचे अन्न सुरू झाल्यावर. आपल्याकडे ते अनेकदा त्याआधीच सुरू होते: जिभेला लावलेला मध, बाळगुटीत उगाळलेली खारीक, ग्राइप वॉटर. मग सहाव्या महिन्यात उष्टावण आणि गोड खीर. प्रत्येक गोड घासानंतर बाळ ओकते, मलूल होते. घरात निदान होते ‘दृष्ट लागली’, ‘दात येताहेत’. (मध तर एक वर्षाखालील कोणत्याच बाळाला देऊ नये, बॉट्युलिझमचा धोका असतो.) जी मुले यातून तरतात ती गोडाला कायमची पाठ फिरवतात. वाढदिवसाच्या केकला हात न लावणारे, दात मात्र मोत्यासारखे असणारे मूल ‘शहाणे’ म्हणून कौतुक करून घेते. त्यामागे आजार असू शकतो, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

या आजाराचा संशय असेल तर वर सांगितलेली श्वासाची चाचणी मुळीच करू नये. ती घातक ठरू शकते. निदान जनुकीय तपासणीने होते. त्यासाठी परळचे केईएम रुग्णालय जवळचे आहे. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखालील ते एक उत्कृष्टता केंद्र आहे. उपचार एकच: साखर, गूळ, मध, फळे, सॉर्बिटॉल आणि गाजर-बीट-रताळ्यासारख्या गोडसर भाज्या आयुष्यभर बंद. यासाठी गोळी नाही, आणि वरचे एन्झाइमही इथे वापरायचे नाही. भात, दूध, साधे दही, तूप, अंडी, मासे, पालेभाज्या पानात राहतात. फळे बंद झाल्याने ‘क’ जीवनसत्त्व बिनसाखरेच्या गोळीतून द्यावे लागते. पथ्य वेळीच सुरू झाले तर यकृत सावरते आणि मूल सर्वांसारखे वाढते. एवढ्या गंभीर आजारात इतका साधा उपाय क्वचितच असतो, म्हणून निदान चुकणे अधिक बोचते.

या मुलांच्या दृष्टीने मोठा सापळा औषधांचाच आहे. पॅरासिटामॉलपासून खोकल्यापर्यंत मुलांची बहुतेक सिरप साखरेत किंवा सॉर्बिटॉलमध्ये बनतात. च्यवनप्राश, आसवे, अरिष्टे यांत गूळ, साखर, मध असतो. जुलाब झाल्यावर घरी केलेले मीठ-साखर-पाणी एरवी जीव वाचवते, या बाळाला मात्र ते बाधते. त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे, ग्लुकोजवर आधारलेले ओआरएसच हवे. त्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, हे म्हणूनच योग्य झाले. रोटाव्हायरसच्या तोंडाने द्यायच्या काही लशींतही साखर असते. निदान झालेल्या बाळाच्या बाबतीत त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. इतरांनी लस चुकवण्याचे काहीच कारण नाही.

युरोपात औषधाच्या माहितीपत्रकात साखर, फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असल्यास तसे लिहून या रुग्णांना इशारा द्यावा लागतो. आपल्याकडच्या बाटलीवर अनेकदा ‘फ्लेवर्ड सिरप बेस’ एवढेच छापलेले असते. खाद्यपदार्थांवर एकूण आणि वरून घातलेली साखर किती, हे लिहावे लागते. घटकांत ‘इन्व्हर्ट सिरप’ किंवा सॉर्बिटॉलचा क्रमांक ‘४२०’ शोधता येतो. बिस्किटाच्या पुड्याला जो नियम लागू होतो, तो तान्ह्या बाळाच्या औषधाला का नसावा? औषध नियंत्रकांनी सिरपमधील प्रत्येक गोड घटकाचे नाव आणि प्रमाण छापणे सक्तीचे केले पाहिजे.

स्थानिक पातळीवर याहूनही सोपे काम आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या लसीकरण सत्रांत आशा व अंगणवाडी सेविका मातांना भेटतातच. ‘गोड किंवा फळ दिल्यावर बाळ ओकते का, मलूल होते का?’ हा एक प्रश्न त्यांच्या विचारपुशीत जोडावा आणि उत्तर ‘हो’ आले तर बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मोठ्यांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय इथल्या बाह्यरुग्ण विभागांत पोटाच्या जुन्या तक्रारींसाठी आठवड्यातून एक दिवस आहारतज्ज्ञाचा सल्ला मिळावा. वर्षानुवर्षे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाण्यापेक्षा दोन आठवड्यांची वही आणि अर्ध्या तासाचे बोलणे अनेकांना अधिक उपयोगी पडेल.